तारांकित

विश्रामबागेत, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही दोघींनी ते ॲप्लिकेशन उभं केलं.
अरुंधती आवटी बटणांची,
मी बटणांमागच्या अंधाराची.
खेळाचं नाव, पाच तारे, चार ओळींची जागा.
वाटलं होतं पोरं येतील. आली.
"ग्राफिक्स कडक." "शेवटचा बॉस लई चिवट."
"पैसे वाया, भावा."
बाकी शिव्या. त्या मी रोज रात्री
चिंचेतल्या चिंचोक्यांसारख्या काढत बसायचे.

मग एकजण आला. नाव लावलं होतं: पातळी.
ड्रॅगन मारायच्या खेळावर त्यानं लिहिलं,
"पुलाखाली तीन तास थांबलो.
पाणी एक इंचही चढलं नाही. दोन तारे."
तलवारीबद्दल एक अक्षर नाही.

गाड्या पळवायच्या खेळावर:
"शहर मोठं आहे. नाले कुठं जातात कळत नाही.
कळेल एक दिवस."
भुताच्या बंगल्यावर:
"तळघर कोरडं. विश्वास बसला नाही.
हरिपुरात आमची हळदीची पेवं होती,
कोरड्या जमिनीच्या पोटाला कसला वास येतो
ते मला विचारा. एक तारा."
आणि त्या गोड शेतीच्या खेळावर,
ज्याला सगळेच डोळे मिटून पाच देतात:
"नदी नुसती निळी. गळाला मासा लागतो,
पायाला गाळ लागत नाही.
गाळ नाही, तर ही माती आली कुठून?"

अरुंधती म्हणाली, काढून टाक, विषय सोडून लिहितो.
मी म्हटलं, राहू दे.
एवढा वेळ थांबून खेळणारा आपल्याकडे दुसरा नाही.

एकदा त्याची सूचना आली:
ताऱ्यांऐवजी फूट देता येतील का?
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
आपल्या लोकांना लगेच समजेल.
उत्तर दिलं नाही मी.
हसले फक्त, आणि उगाच भागाकार केला:
एका ताऱ्याला नऊ फूट पडतात.

ऑगस्टात तो गप्प झाला.
तसं सगळंच गप्प होतं.
सांगलीत त्या दिवसांत कुणी कुणाला
बरं आहे का विचारत नाही,
"आयर्विन किती?" विचारतात.

रात्री तीन वाजून दहा मिनिटं.
झोप नव्हती म्हणून सर्व्हरची नोंदवही उघडली.
कुणीतरी एकच अर्ज सात वेळा पाठवत होतं
आणि सातही वेळा तो परत जात होता.
खेळाचं नाव: कोरं. तारे: कोरे.
चार ओळींच्या जागेत,
"३९ फूट ४ इंच." "३९ फूट ५." "३९ फूट ७."
आणि माझंच लाल वाक्य, माझ्याच हातचं,
प्रत्येक आकड्याच्या तोंडावर:
तारांकित रकाने भरणे आवश्यक आहे.

एक ओळ शोधायला अकरा मिनिटं लागली.
आवश्यक: होय.
होय खोडलं, नाही लिहिलं.
लाल तारा विझला.

चार वाजता आलं,
"४० फूट १ इंच. मारुती चौकातल्यांनी
खालचं सामान वर घ्यावं. वेग कमी होतोय, पण भरवसा नाही."
त्याखाली तीच पोरं, शिव्यांवाली:
"गावभागात किती वेळ, काका?"
"आज्जी हलत न्हाई, काय करू?"
"अरे हे मगदूमकाका,
पुलाच्या मोजपट्टीवर तीस वर्षं काढलीत.
रिटायर झालेत, तरी बॅटरी घेऊन जातात."
दर अर्ध्या तासानं एक आकडा.
खेळाचं नाव पुन्हा कुणी विचारलं नाही.

पाणी उतरल्यावर
पुढचे वीस दिवस शहर झाडू मारत होतं.
एकविसाव्या दिवशी, मोटारींच्या शर्यतीवर, पातळी:
"रस्ता ओला दाखवलाय.
ओला रस्ता वेगळा, बुडून वर आलेला वेगळा.
पण कडेच्या भिंतीवर कुणीतरी
पाण्याची रेघ काढून ठेवली आहे.
ज्यानं काढली त्यानं पाहिलं असणार.
चार तारे."

चार त्यानं कधीच कुणाला दिले नव्हते.
छत्तीस फूट, मी मनात म्हटलं.
इशाऱ्याच्या चार फूट खाली.