व्हॅन मी चालवायचो

पोस्टरवर चौघं आहेत. पाचवा मी,
फोटोग्राफरच्या मागे, किल्ल्या बोटात फिरवत उभा.
ऊनाचं फिडल, डर्व्हलाची टिनची बासरी,
कीबोर्डवर लॉर्कन, आणि धाकटी ब्रोना,
जिला गळा होता म्हणणं म्हणजे
समुद्राला ओल होती म्हणण्यासारखं.
मलाही बाबांनी बोव्हरान दिला होता, सातव्या वर्षी.
आठवड्याने परत घेतला, काही न बोलता,
ताटात उरलेला बटाटा उचलावा तसा.

स्लायगोच्या आतल्या एका गावात
बाबांचं केशकर्तनालय होतं.
सोमवारी दुकान बंद, म्हणून सोमवारी सूर.
पॅकी डुर्कन यायचा, शेणाचे बूट दाराशी काढून
न्हाव्याच्या खुर्चीत बसायचा,
हनुवटीखाली फिडल, समोर आरसा,
आरशात आम्ही पाचजण, जमिनीवर, केसांच्या पुंजक्यांत.
एक धून तो शेवटी वाजवायचा, रोज.
नाव काय हिचं, ऊनाने विचारलं.
न बोलावता येते, म्हणाला, मग नाव कशाला?

लॉर्कनने जुना ड्रम मशीन आणला, हप्त्यावर,
आणि तीच धून त्यावर चढवली.
बाबांची कात्री गिऱ्हाइकाच्या कानापाशी थांबली.
"रीलला स्वतःचे पाय असतात रे,
तिला कुबड्या कसल्या देतोस?"
जिन्यावरून आई म्हणाली, "मॅलकी,
खिडकीबाहेर बघ."
बाहेर फुटपाथवर पोस्टमनची मुलगी
सायकल टेकवून नाचत होती.
बाबांनी बघितलं. मग उरलेली हजामत केली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, किंवा नसेल.
लाँगफर्डमधलं लग्न, जिथे नवरदेवाचा काका स्पीकरवर पडला.
होलीहेडची बोट. हीटर मेलेला.
ऊना कोटाच्या आत फिडल घेऊन झोपायची,
लेकराला ऊब द्यावी तशी.
लीड्सला अकरा श्रोते. त्यातले तीन बारवाले.
मी मोजायचो, मला दुसरं काम काय?
मग एका बुधवारी रेडिओ,
शनिवारी पेट्रोल पंपावरचा पोरगा पैसे घेईना,
आणि दुसऱ्या उन्हाळ्यात डेन्मार्कचं मैदान,
दूरपर्यंत डोकीच डोकी,
आणि त्या धुनेत मध्येच जो एक अडखळा आहे,
अर्ध्या श्वासाएवढा,
तिथे सगळं मैदान अडखळलं, एकदम.
वर्तमानपत्रांनी लिहिलं: ही विरहाची जुनी जखम.

लंडनच्या काचेच्या टेबलावर एक फॉर्म होता.
संगीतकार कोण?
लॉर्कनने लिहिलं, पारंपरिक.
खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.
एक अख्खा माणूस त्या शब्दात मावला,
बुटांसकट.
मी तेव्हा खाली पार्किंग शोधत होतो.
हे मी नेहमी सांगतो, विचारलं नाही तरी.

घराला नवीन छप्पर आलं. दुकान विकलं.
खुर्ची कुणी तरी सजावटीला घेऊन गेलं.

गेल्या मार्चमध्ये पॅकीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होतो,
त्याच व्हॅनमधून, आता हीटर चालतो.
रेडिओवर तीच लागली.
माझे हात स्टिअरिंगला चिकटले.
तो ऐकत राहिला, टोपी गुडघ्यावर.
अडखळा आला, गेला,
आणि म्हातारा खो खो हसत सुटला.

"मूर्ख पोरं! तेही उचललं की यांनी!
तुझ्या बापाच्या खुर्चीचा हात होता ना लोखंडी,
दर वेळी माझं कोपर आपटायचं तिथे."

मग डोळे पुसून म्हणाला,
"वाढव जरा आवाज."

मी वाढवला.
पैशांचं काढणारच होतो,
वाक्य जुळवूनही ठेवलं होतं.
मागच्या ट्रॅक्टरने हॉर्न दिला.