जागेचा क्रम

नवा डबा आठ कप्प्यांचा. जुना चारांचा,
कोठीच्या फळीवर, लिंगनबेरीच्या बरण्यांशेजारी
नऊ वर्षं घुरघुरत बसलेला.
आज बंद केला तेव्हा कळलं,
घरात इतकी वर्षं एक आवाज होता.

पुस्तिकेत एकच वाक्य ठळक छापलंय:
डिस्कचा क्रम बदलू नये.
आणि एकेक ट्रे ओढून पाहते, तर
साम्प्साच्या अक्षरात, कागदी चिकटपट्टीवर, पेन्सिलीनं
एक, तीन, दोन, चार.

आता कुणाचं खरं धरायचं?
डिस्क जिथं बसली होती त्या जागेचं,
की तिच्या कपाळावर लिहिलंय त्याचं?

भावाशी बोलून चौदा महिने झाले होते.
भांडण होडीच्या शेडवरून. होडी तर
केव्हाच कुजली.
तो राउमाच्या बंदरात, क्रेनच्या केबिनमध्ये,
मागे वारा. मी हॅलोऐवजी विचारलं,
"तीन आधी की दोन?"
तोही कशी आहेस वगैरे न म्हणता म्हणाला,
"ते आकडे त्याच्याही आधीच्या डब्यातले.
जागेचा क्रम धर. कपाळ विसर."
मग जरा थांबून,
"आधी हात धातूला लाव. लोकरीचा स्वेटर घातला असशील."

घातला होता.

रात्री दहाला बटण दाबलं.
पहिला दिवा हिरवा. दुसरा हिरवा.
तिसरा नारिंगी. बराच वेळ नारिंगी.

आईचा बर्फ आहे आत.
दर फेब्रुवारीत कल्लावेसी तळ्यावर, त्याच एका जागी
भोक पाडून ती जाडी मोजायची, फोटो काढायची:
पट्टी, हातमोजा, आकडा. एकोणतीस हिवाळे.
त्यातला एकही बर्फ जून पाहू शकला नाही.
इथे मात्र एक्केचाळीस सेंटिमीटर
अजून एक्केचाळीसच,
चौघींत थोडा थोडा वाटलेला;
एकटीला विचारलं तर कुणालाच धड सांगता येणार नाही.

तिसरा हिरवा झाला,
चष्मा पुसून कुणी पुन्हा पाहावं तसा.

पाचव्या कप्प्यात नवी, मोठी डिस्क सरकवली.
पडदा म्हणतो, उरलेला वेळ अडतीस तास.
साम्प्साला एवढंच कळवलं: चारही चढल्या.
त्याचं उत्तर पहाटे, पाळी संपल्यावर:
"तीन कप्पे रिकामे ना? माझ्याकडे एक डिस्क आहे.
बाबांचा आवाज. मी अजून लावून पाहिली नाही."
मी लिहिलं, पाठव.
खोडलं. लिहिलं, आण.

सोळा स्क्रू काढले, सोळा लावले,
तरी ओट्यावर दोन उरलेत.
बरणीच्या झाकणात ठेवलेत सध्या.
नवा डबा जुन्यापेक्षा खालच्या पट्टीत घुरघुरतो.
मध्येच जाग येते.