दोनच शब्द

अंबडच्या शेडमध्ये, फडक्यावर,
अजून नुसता बोल्ट आहे.
नळी यायचीय. दस्ता यायचाय.
परवाना कुठल्याशा फायलीत झोपलाय.

"उचलायचं नाही, वळवायचं नाही,"
दस्तगीरभाई म्हणाले होते,
"सरळ मागं. सरळ पुढं."

तेव्हापासून हेमांगी गांगुर्डे
ऑफिसातला खण ओढते, ढकलते;
सातपूरच्या बसमध्ये
बोटं हवेत मागे, पुढे.
शेजारची बाई जरा सरकून बसते.

अकरा वर्षं मनगटानं
चार शब्दांचं वाक्य घोकलंय:
वर, मागे, पुढे, खाली.
त्यातले दोन आता विसरायचे.

रात्री कडी लावताना
हात आधी वरच जातो.

भाईंना फोन.
"झालं?"
मागे कानसीचा आवाज.
"घासतोय."