रबाका

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
हिचं विचारावं लागत नाही.
ढग जरा बाजूला झाले की
सूफ्रिएरचं उघडं तोंड दिसतं,
आणि त्याच्या ओठावरून ओघळलेली ही:
काळी, रुंद,
टिपूसभर पाणी नसलेली.

सरकारी नकाशात निळी रेघ आहे.
नकाशा काढणारा बहुधा बोटीतून खाली उतरलाच नसावा.

पाणी आहे, पण खाली.
डोंगरानं एका वर्षी इतकी राख टाकली अंगावर
की नदी पांघरूण घेऊन झोपली,
असं आम्हाला शाळेत शिकवलं.
मिस एल्फिना म्हणायची, झोपतेय कुठली!
खालून चालते ती, चपला हातात घेऊन,
म्हाताऱ्याला जाग येऊ नये म्हणून.
कान लावा.
आम्ही लावायचो. कानात वाळू जायची.
एकदा मला खरंच ऐकू आलं,
की माझंच रक्त होतं ते, कोण जाणे.

तेव्हा पूल नव्हता.
आम्ही सँडी बेची पोरं ट्रकच्या हौद्यात उभी,
शाळा पलीकडे, जॉर्जटाउनला,
मध्ये ही.
इथे ऊन असायचं, पाऊस वर कुठेतरी.
आधी वास यायचा, गंधकाचा, ओल्या राखेचा.
मग आवाज. पाण्याचा नव्हे, दगडांचा,
तळघरात कुणी कपाटं सरकवावीत तसा.
ड्रायव्हर ओझायस ब्रेक दाबून ओरडायचा,
नदी आली!
की दोन्ही काठांवर माणसं थांबलीच.
अलीकडे आरारूटची पोती,
पलीकडे रॉकेल, मीठ, टपाल.
एकदा एक शवपेटी तीन तास अडकली.
पाऊस खालीही आला तेव्हा
तिच्यावरच्या ताडपत्रीत आम्ही पोरंही शिरलो.
पाद्री काही बोलला नाही.

थांबलेल्यांना भूक लागते.
मिस एल्फिना अर्धं कापलेलं पिंप घेऊन यायची,
निखाऱ्यांवर नीरफणस, साल कोळसा होईतो,
मग सुरीचा एक फटका, वाफ, खारा मासा.
पैसे नसतील तर:
नदी गेली की द्या.
नदी यावी म्हणून देवाला साकडं घालणारी
ती गावातली एकटीच.

मग पूल झाला. फीत, बँड, भाषणं.
ती मागे उभी होती, हॅट घालून.
म्हणाली, पुलावर कुणाला भूक लागत नाही.
पिंपात पुढे तिनं मिरच्या लावल्या.

पुलाखाली वाळूचे ट्रक फिरू लागले.
जॉर्जटाउनच्या प्रत्येक भिंतीत आता ही नदी आहे,
ब्लॉकच्या आकाराची, वरून गुलाबी रंग.

आणि मग तो एप्रिल.
डोंगर फुटला तेव्हा आम्ही दक्षिणेला,
परक्या शाळेतल्या परक्या चटयांवर.
परतलो तर छपरं गुडघ्यांवर आलेली,
अंगणात पाय घोट्यापर्यंत आत.
त्यानंतर पाऊस.
नदी आली,
गरम, करडी, पेजेसारखी रटरटत,
पुलाच्या दोन्ही टोकांचा रस्ता गिळून.
पूल मध्येच उभा राहिला, कुठूनही कुठेही न जाणारा.

आम्ही थांबलो.
शिकवावं लागलं नाही कुणाला:
गाड्या बंद, दारं उघडी, पोरं खांद्यावर.
पलीकडच्यांना हात केले.

दुपारी पिंप आलं.
मिरच्यांची माती झटकून ओझायसच्या मुलानं आणलं,
मागून ती, डोळे गेलेले,
धूर कुठल्या बाजूला जातो ते गालानं ओळखत.
नीरफणस कुठला, झाडंच राखेनं मोडलेली.
मदतीच्या पिठाचे गोळे होते,
जरा कच्चे, दातांत राख कचकचणारे.
मी खिसे चाचपले.
तिला ते ऐकू गेलं असणार.

नदी गेली की द्या.

संध्याकाळी वरचं पाणी ओसरलं.
मी वाळूवर हात ठेवला. कोमट होती.
खाली काहीतरी चालत होतं अजून,
म्हणून ते पैसे
मी अजून दिलेले नाहीत.