आंधळी कोशिंबीर

संडरलंडच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
माझं टेबल, एक ढकलगाडी, आणि कुलपात
एकसारख्या पांढऱ्या बाटल्या.
निम्म्यांत औषध, निम्म्यांत नुसती साखर.
कुठल्या कुठल्या, मला ठाऊक नाही,
डॉक्टर फेनविकनाही नाही.
दूरच्या गावातला एक संगणक तेवढा जाणतो.

केरी-अ‍ॅन प्रिंगल आली तेव्हा बारावा आठवडा होता.
आमच्यात म्हणतात, बाईला दिवस गेले.
तिचे खरंच गेलेले होते, दोनदा.
एकदा एकोणिसाव्यात, एकदा एकविसाव्यात.

संमतीपत्राची अकरा पानं
तिनं बोट ठेवून वाचली, ओठ हलवत.
नखाखाली माशांच्या दुकानातलं पीठ.
"म्हणजे मला साखरही मिळू शकते?"
हो.
"आणि तुलाही कळणार नाही?"
नाही.
"मग आपण दोघी सारख्याच की."

मला सांगायचं होतं,
आम्ही कऱ्हाडला गच्चीवर हेच खेळायचो,
पण पट्टी एकाच्याच डोळ्यांवर असायची.
इंग्रजीत ते जमलं नाही.
सही. क्रमांक चारशे सतरा.

सदतीस आठवडे, तीन दिवस. मुलगी.
खाली नदीवर धुकं, गोदीच्या जागी आता दुकानं.
मी फॉर्मवर वजन लिहिलं, दोन हजार नऊशे दहा,
आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.
त्याला फॉर्मवर रकाना नव्हता.

सहा वर्षांनी पट्टी सुटली.
आठशे बारा बायका, आणि एक वाक्य:
दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.
यादीत मी आधी तिचाच क्रमांक शोधला.
शोधू नये. शोधला.
साखर.
खालची ओळ, चारशे अठरा:
औषध, बाविसावा आठवडा.
हिचं नाव मला आठवेना.
चेहराही नाही. फक्त एक हिरवी छत्री,
दाराशी गळत ठेवलेली.

काल बाजारात केरी-अ‍ॅन भेटली,
मुलगी शाळेच्या गणवेशात, पुढचा दात पडलेला.
"तुझी ती बाटली अजून ठेवलीय खिडकीत,
येईल त्याला दाखवते."
पत्र सोमवारी जाईल, मीच टाकणार.
'मला कळवा' या चौकोनात
तिनंच खूण केली होती, दोनदा गिरवून.

मी खाली वाकले. दात कुठे टाकलास गं?
"उशीखाली," मुलगी म्हणाली, "परीनं पाउंड दिला."

तिच्या डोक्यावरून केरी-अ‍ॅननं
माझ्याकडे पाहत
एक डोळा मिटला.