काठाचं पाणी

सहाव्या रांगेचा दाब आठवडाभर चढत होता.
नमुने मात्र स्वच्छ.
पहाटे सहाला, संध्याकाळी सहाला
मीच बाटली भरायचो, मीच सही करायचो:
कॅल्शियम हद्दीत, सल्फेट हद्दीत.
शेवटी नवाफ म्हणाला, फाडून बघू.

जुलैत जुबैलचा समुद्रसुद्धा घामेजलेला असतो.
आम्ही नळीतून मेम्ब्रेन ओढून काढलं,
ग्राइंडरनं कवच कापलं,
आणि वर्कशॉपच्या फरशीवर ते उलगडलं,
पाहुण्यासाठी वळकटी सोडावी तसं.
आत सुया.
जिप्समच्या, केसाएवढ्या, हजारो,
सगळ्या पडद्यात पाय रोवून उभ्या.

नवाफनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या वहीकडं.
वही खोटी नव्हती.
नमुना मधोमधचा होता, वाहत्या पाण्याचा.
भिंतीला टेकलेलं पाणी वाहतच नाही.
गोडं पाणी पडद्यातून पार होतं,
मीठ मागं राहतं,
दाराशी चपला साचाव्यात तसं,
आणि तिथं, कागदाच्या जाडीहून कमी जागेत,
एक वेगळाच समुद्र तयार होतो
ज्याची बाटली कुणी भरत नाही.

हे मला ठाऊक असायला हवं होतं.
हासुराम, माझा बाप, उरणच्या मिठागरावर
कधी कोंडीच्या मध्याकडं बघायचा नाही.
काठाला उकिडवा बसून
बोटावर पाणी घ्यायचा, अंगठ्यानं चोळायचा.
"पानी पिकलंय का नाय, त्ये काठ सांगतं."
त्याच्या टाचांच्या भेगांना ते त्याच्याही आधी कळायचं.
पुढं आगरावर कंटेनर आले, एकावर एक.
तिथंही तो काठाकाठानंच चालायचा,
जणू मध्ये अजून पाणी आहे.

दुपारी मेसमध्ये सुकेशन, आमचा केमिस्ट,
ताटात भाताची भिंत रचून सांगू लागला.
भिंतीवर भार असतो.
पातळ पाण्यात तिची ओढ लांबवर जाणवते.
मीठ घातलं की उलट्या भाराचे कण धावत येतात,
तिला घेरतात, पांघरूण घालतात,
मग दोन पावलांवर उभ्या असलेल्यालाही
इथं भिंत आहे हे कळत नाही.
आणि अजून घातलं तर?
तो थांबला. रस्सम ओघळलं, भिंत एका बाजूनं बसली.
फार दाट झालं, म्हणाला, की काहींनी मोजलंय,
ओढ पुन्हा लांब जाते.
का जाते, यावर अजून भांडतात.

मी हात धुवायला उठलो.

पहिल्या वर्षी मला इथं खाडी ऐकू यायची,
एसीच्या घरघरीतसुद्धा.
मग भोवती माणसं आली, ओव्हरटाइम आला,
कर्ज, बहिणीचं लग्न, गावातला स्लॅब,
आणि नंतर कित्येक वर्षं काहीच नाही.
बाप गेला तेव्हा तेरावं उरकून परतलो
आणि त्याच रात्री चौथ्या रांगेचे फिल्टर बदलले,
नीट, एकही न गळता.
आता, सतराव्या वर्षी,
टाकीतलं तापलेलं पाणी पाठीवर पडत असताना
कुणीतरी मागं पावडी ओढतं.
खर्र.
थांबतं.
पुन्हा खर्र.

शुक्रवारी घरून फोन येतो.
कसा आहेस?
मी बाटली भरतो, मधोमधची.
मजेत.

नवाफनं नवा तक्ता बनवला, आम्ल किती, किती वेळ.
मेम्ब्रेन भंगारात टाकण्याआधी
मी नखानं एक सुई खरवडली
आणि कुणी बघत नाही असं पाहून जिभेवर ठेवली.
जिप्समला चव नसते.
बापाला हे सांगितलं असतं
तर त्यानं मलाच पुन्हा चाखायला लावलं असतं.