चाक फिरवायची तारीख

धनाजीनं गाडी लावली रायवळ आंब्याखाली,
दिवाळी होऊन आठ दिवस झालेले.
गाडी म्हणजे घरच म्हणा, दोन चाकांवरचं.
आत गादी, शेगडी, घडीचं टेबल,
कोइमतूरच्या गॅरेजात हौसेनं ठोकून घेतलेलं.
"महाशिवरात्रीला येतो, तोवर सांभाळ," म्हणाला
आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेला
भट्टीकडं, सोनं गाळायला.

लेंगऱ्यात थंडी पडली की वारा
माळावरनं सरळ अंगावर येतो.
शाळूच्या रानात रात्री पाणी धरणारी माणसं
कानावर टॉवेल बांधून बोलतात,
त्यामुळं निम्मं बोलणं टॉवेलातच राहतं.

मी एकतीस वर्षं विट्याच्या डेपोत फिटर.
रविवारी जॅक काढला.
आधी आतलं ओझं उतरवलं,
पाण्याची टाकी, सिलिंडर,
वैजयंता विसरून गेलेली मेतकुटाची बरणी.
उभ्या गाडीला काय कष्ट, असं लोकांना वाटतं.
पाटे मात्र रात्रंदिवस वाकलेलेच असतात.

चाकाला दगडाची ओट.
चासीखाली बाभळीचे चार ठोकळे,
मोडलेल्या गोठ्याच्या तुळईतनं कापलेले.
जॅक दाता-दातानं वर गेला,
पाटा कुरकुरला,
मग गप्प झाला.
सुटलेला पाटा सरळ होत नाही,
तो आपल्या मूळ बाकावर जातो.
हे सांगूनही पटत नाही कुणाला.

हँडब्रेक सोडून ठेवला, नाहीतर लायनर चिकटतात.
बेअरिंगात ग्रीस भरलं अंगठ्यानं.
कुंपणापलीकडनं गुलाब मुल्ला म्हणाला,
"जुनं ऑइल फासा की टायरला, काळं कुळकुळीत राहतंय."
म्हटलं, तेल माणसाच्या टाळूला, रबराला नव्हं.
रबर तेल पितं, फुगतं, आणि उन्हाळ्यात फाटतं.
मार्गशीर्षातलं ऊन तिरकं,
झाडाखालीही शिरतं मांजरासारखं,
म्हणून टायरला गोणपाट नेसवलं,
वर पांढऱ्या चादरीचा तुकडा.
बायको म्हणाली, "नवरदेव दिसतोय."

धनाजीचा फोन आला.
"दादा, एकाच जागी उभा राहिला की टायर चपटतो म्हणं.
महिन्यातनं एकदा चाक फिरवत जा."
"मला शिकवतो व्हय रं?"
तो हसला. मग दोघंही गप्प.
तिकडं भट्टीचा पंखा घोंगावत होता.

ब्याण्णव साली मामा दोघांनाही न्यायला आला होता.
मला डेपोत लागून वर्ष झालेलं.
मी म्हटलं, तू हो पुढं.
एवढंच. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरं तर चाक आता हवेत आहे,
चपटायचा प्रश्नच नाही.
तरी एक तारखेला फिरवतो,
ग्रीस खाली उतरून एका बाजूला बसू नये म्हणून.
कॅलेंडरवर दुधाच्या आकड्यांशेजारी
छोटा गोल काढलाय.
टायरवर खडूची रेघ,
पाव फेरा झाला की रेघ आंब्याकडं,
पुढच्या महिन्यात विहिरीकडं.

पौषात एकदा झोप येईना
म्हणून आत जाऊन पडलो त्या गादीवर.
खिडकीतनं बघितलं तर आपलंच घर,
बल्ब, न्हाणीचा नळ, माझा शर्ट तारेवर.
बाहेरगावच्या माणसानं बघावं तसं बघितलं थोडा वेळ.
ठोकळ्यांवरची गाडी जराही हलत नव्हती.

आज एक तारीख.
गोणपाट काढलं, पाव फेरा द्यायचा होता.
हात जरा जोरात बसला.
खडूची रेघ आंबा ओलांडून, विहीर ओलांडून
पांढरं कडंच झाली नुसती.
मी बाजूला उभा राहिलो, कंबरेवर हात.
थांबायला बराच वेळ लागला.

बेअरिंग चांगलं आहे.